पितळेची बार्शी लाईट

मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर मोबाईल... वीकेण्डला यापलीकडे काही सुचत नसेल तर हे वाचा. अर्धवट राहिलेलं एक पितळी इंजिन, ते जोडता जोडता थांबलेले दोन हात आणि लातूरला येणारी एक छोटीशी रेल्वे, यांची ही गोष्ट.

बायोडेटात ‘हॉबीज’च्या रकान्यात आपण सगळे काय लिहितो? रीडिंग, ट्रॅव्हलिंग, लिसनिंग टू म्युझिक. मग इंटरव्ह्यूत कुणी विचारलं, शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत, की घाम फुटतो! मीही तेच लिहायचो. आता माझ्या रकान्यात एक वेगळीच गोष्ट आलीय : डाख लावणे. म्हणजे शुद्ध मराठीत, सोल्डरिंग.

मी मूळचा लातूरचा. नोकरी नांदेडात, एका खासगी बँकेत, होम लोनच्या टेबलावर. दिवसभर लोकांच्या घरांची कागदपत्रं तपासायची आणि रात्री जेवण झालं की स्वतःच्या टेबलावर पाव मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याशी झटापट करायची. सोमवारी कॉलीग विचारतात, “बोटाला काय झालं रे?” मी सांगतो, “इंजिन तापलं होतं.” त्यांना वाटतं, बाईकबद्दल बोलतोय.

इंजिन रेल्वेचं आहे. वाफेचं. तळहातावर मावणारं.

खोक्यात नक्की असतं काय?

लहानपणी प्लॅस्टिकच्या विमानाचे भाग चिकटवले असतील, तर कल्पना येईल. पण हा प्रकार त्याच्या बराच पुढचा. पितळेच्या पातळ पत्र्यावर इंजिनाचे सगळे भाग फोटोच्या तंत्राने उमटवतात. जो भाग राखायचा त्यावर रसायनाचा लेप, बाकीचा पत्रा ॲसिडसारख्या द्रावणात विरघळून जातो. राहते ती एक नाजूक जाळी. तिच्यात केबिनच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, पायऱ्या, अगदी रिव्हेट्सचे ठिपकेसुद्धा. जिथे घडी घालायची तिथे पत्रा अर्ध्या खोलीपर्यंतच कोरलेला. करवतीने एकेक भाग सोडवायचा, घडी घालायची, डाख लावायचा. चिमणी, घुमट, दिवा असे गोल भाग पांढऱ्या मऊ धातूत ओतलेले येतात. मोटर, गिअर, चाकं बहुतेक वेळा वेगळी आणावी लागतात.

थोडक्यात, दुकानातून इंजिन मिळत नाही. इंजिन बनवण्याची संधी मिळते!

माझ्या वाट्याला आलेलं किट मात्र सेकंडहॅण्ड होतं. निम्मं जोडलेलं, निम्मं बिघडलेलं.

“फुकट दिलं की माळ्यावर जातं”

ते पुण्यातल्या एका काकांचं. बाबांच्या ओळखीतले, मूळचे लातूरचेच. १९६६ साली मॅट्रिक होऊन पुण्याला शिकायला गेले. लातूरहून बार्शी लाईटने कुर्डुवाडी, तिथे गाडी बदलून मोठ्या रेल्वेने पुणे. पुढे इंजिनिअर झाले. १९९८ साली कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला गेले असताना एका छोट्या दुकानात हे किट दिसलं आणि उरलेले सगळे पाउंड त्यात घातले. “तुझ्या काकूने महिनाभर माझ्याशी बोलणं सोडलं होतं,” हे सांगताना ते आजही खूश असतात.

रिटायर झाल्यावर त्यांनी खोका उघडला. चासी झाली, चाकं बसली, केबिन उभी राहिली. आणि मग हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स.

मी पुण्याला भेटायला गेलो तेव्हा त्यांनी खोका समोर ठेवला. म्हणाले, “दोन हजार दे आणि घेऊन जा. फुकट दिलं की माळ्यावर जातं. पण एक अट. चालवून दाखवायचं. आणि लवकर.”

त्या ‘लवकर’चा अर्थ दोघांनाही कळत होता. मी गुपचूप पैसे काढले.

इंग्लंडचं इंजिन, लातूरशी नातं

आता तुम्ही म्हणाल, लातूरच्या माणसाला इंग्लंडच्या इंजिनाचं एवढं काय? इथेच तर गंमत आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर. १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. मुंबई-सोलापूर मोठी लाईन तेव्हा बार्शीपासून वीस-एकवीस मैलांवरून जात होती आणि बार्शीच्या बाजारपेठेतला माल बैलगाडीने स्टेशनवर न्यावा लागायचा. कॅलथ्रॉपचा फंडा सोपा होता : रूळ हलके, दोन रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट आणि कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन नाही. खर्च कमी, पण रेल्वे खरीखुरी. १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी धावली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. वारकऱ्यांची सोय झाली. १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला. १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर!

या लाईनसाठी पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. पुढे आठ मोठी चाकं, मागे चार छोटी. पाच टनांचा नियम पाळायचा तर वजन जास्त चाकांवर वाटायला हवं ना!

पुढे इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी लाईन काढायची ठरली, तेव्हा सल्लागार म्हणून बोलावलं कॅलथ्रॉपलाच. १९०४ मध्ये ती सुरू झाली. दोन इंजिनं, तीही किटसनचीच. पुढे दोन चाकं, मध्ये सहा, मागे चार. समोर मोठ्ठा दिवा, बघताक्षणी वाटावं की हे हिंदुस्थानातून आलंय. एका इंजिनाचं नावच ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. म्हणजे आपल्या बार्शी लाईटची ही विलायतेतली चुलत बहीण.

काकांनी त्या दुकानात ओळखलं ते हेच नातं. बार्शी लाईटचं किट त्यांना मिळालं नव्हतं. मीही खूप शोधलं, मलाही मिळालं नाही. बहिणीचं मिळालं.

(जाता जाता : याच कॅलथ्रॉपने पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार केलं. शिवाय अरबी घोडे पाळायचा आणि घोड्यांवर पुस्तकही लिहिलं. हॉबीजचा रकाना भरावा तर असा!)

डाखातून वाचलेलं दुखणं

नांदेडला येऊन खोका उघडला आणि टेबललॅम्पखाली एकेक भाग बघत गेलो. चासीवरचे डाख बघण्यासारखे. बारीक, चकचकीत, जिथे हवेत तिथेच. टाक्यांवर थोडे जाड. केबिनवर आणखी जाड. छपरापाशी तर डाखाचे गोळे साचलेले, कोपरे वाकडे, एका घडीला तडा. शेवटचे दोन भाग चक्क सुपरग्लूने चिकटवलेले.

हे कुणा नवशिक्याचं काम नव्हतं. चासीपासून छपरापर्यंत एका माणसाचा हात कसा कसा जात गेला, ते समोर लिहिलेलं होतं. तारीखवार.

हे सगळं काढून टाकायचं? दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. शेवटी फोन केला. म्हटलं, “काका, केबिन पूर्ण उघडावी लागेल. तुमचं काम आहे, तसंच ठेवू का?”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “काढ सगळं. माझ्या आजाराचं मॉडेल नकोय मला. इंजिनाचं हवंय.”

उकळतं पाणी आणि सराफ्यातले मामा

जुनं किट उघडायची पहिली पायरी स्वयंपाकघरात होते, हे तुम्हाला पटणार नाही. चिमणी, घुमट, दिवा हे मऊ धातूचे भाग साध्या डाखाने जोडायला गेलं तर स्वतःच वितळतात. म्हणून त्यांच्यासाठी सत्तर डिग्रीला वितळणारा खास डाख वापरतात. म्हणजे उकळत्या पाण्यात तो सुटणारच! एका जुन्या पातेल्यात पाणी उकळलं, इंजिन सोडलं आणि मिनिटभरात टण्ण, टण्ण, टण्ण. तिन्ही भाग तळाशी. पितळेचे सांधे मात्र जागच्या जागी, कारण त्यांचा डाख सुटायला १८०-१९० डिग्री लागतात. (ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. या डाखात शिसं असतं, काहींत कॅडमियमही.)

सुपरग्लूवर उपाय ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली घेताना मेडिकलवाल्याने माझ्याकडे जे बघितलं, ते सोडून देऊ. पितळ स्वच्छ करायला लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. आई फोनवर म्हणाली, “एवढं कशाला, पितांबरी लाव की!” लावली. झकास निघालं.

खरा प्रश्न पुढे होता. इतका पातळ पत्रा न वाकवता डाख उतरवायचा आणि नवा लावायचा कसा? व्हिडिओ बघितले, पण हातात येईना. मग नांदेडच्या सराफ्यात एका वयस्क कारागिराकडे गेलो. त्यांनी केबिनची भिंत चिमट्यात धरून उजेडात फिरवली.

“कशाची हाय ही?”

“इंजिनाची, मामा. खेळण्यातल्या.”

“खेळण्याला एवढं बारीक काम?” त्यांनी चष्मा सरळ केला. “आमचा सोन्याचा डाख हितं चालायचा नाही. त्याला टाकणखार लागतो, फुंकणीचा जाळ लागतो. ह्यो पत्रा जाईल वाकून. तुमचं कथलाचंच बरं. पन एक ध्यानात ठेवा. डाख तापवू नका, पत्रा तापवा. डाख उष्णतेच्या मागं पळतो.”

एवढंच. पण सगळं त्यातच आलं. जागा घासून स्वच्छ करायची, फ्लक्स लावायचं, इस्त्रीचं टोक पत्र्यावर टेकवून दोन-तीन सेकंद थांबायचं आणि डाखाचा कण फक्त दाखवायचा. तो सरसर फटीत शिरतो. जास्तीचा काढायला तांब्याच्या तारेची वेणी मिळते, ती डाख टिपकागदासारखी शोषून घेते. तडा गेलेल्या घडीच्या आतल्या बाजूने डाखाची एक बारीक रेघ ओढली. घडी मूळच्यापेक्षा मजबूत झाली.

मामांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “झाल्यावर आनून दाखवा.” म्हणजे आता अट घालणारे दोघे झाले!

पाव फेरीचा हिशोब

केबिन उभी राहिली, पण इंजिन चालेना. जुनी मोटर जाम झालेली. तिच्या जागी बारा व्होल्टची छोटी नवी मोटर बसवली. वीज दिली की इंजिन अर्धी फेरी जायचं आणि अडायचं.

इथे थोडं विज्ञान. वाफेच्या इंजिनाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक दट्ट्या असतो. दोन्ही एकाच वेळी टोकाला पोचले तर इंजिन तिथेच अडकून बसेल. म्हणून एका बाजूचा दांडा दुसऱ्या बाजूच्या पाव फेरी पुढे ठेवतात. नव्वद अंश. मॉडेलमध्ये दट्ट्या ढकलत नाही, मोटर ढकलते. पण दांडे खरे असतात आणि तीन आस एकमेकांशी जोडतात. तिथे गंमत अशी, की कोन अगदी नव्वदच हवा असं नाही. अठ्ठ्याऐंशी असला तरी चालेल. पण तिन्ही आसांवर सारखाच हवा! एक जरी वेगळा असला तरी दांडे एकमेकांशी भांडतात.

खोक्यात पडून पडून मधल्या आसाचं एक चाक किंचित सरकलं होतं. ते शोधायला तीन रविवार गेले. दांडे काढायचे, एकेक जोडी लावायची, हाताने फिरवायचं, कुठे अडतं ते बघायचं. दर रविवारी रात्री काकांना फोन. ते तिकडून सांगायचे, “मधला बघ. आधी मधला.” बोलणं हल्ली अस्पष्ट होत चाललंय, पण ‘मधला’ स्पष्ट ऐकू यायचं. आणि तो मधलाच निघाला.

राहिली नावाची पाटी. मूळची हरवलेली. नांदेडात दारावरच्या पितळी नेमप्लेट करणाऱ्या एका दुकानात गेलो. तो म्हणाला, फिल्म काढू, लेप लावू, फेरिक क्लोराईडमध्ये सोडू. अरे, हे तर किटचंच तंत्र! ‘जोशी’, ‘देशमुख’, ‘डॉ. अमुकतमुक’ यांच्या पाट्यांच्या कडेला उरलेल्या पत्र्यावर त्याने माझ्या सहा चिमुकल्या पाट्या कोरल्या. पाच विरघळल्या. सहावीवर भिंगातून वाचता येतं : ई. आर. कॅलथ्रॉप.

रंग? इंग्लंडमधला मूळ रंग कोणता, यावर मी बराच अभ्यास केला होता. काकांनी एका शब्दात संपवला. “काळा.” लातूर स्टेशनवर त्यांनी पाहिलेलं इंजिन काळं होतं. विषय कट.

डब्यातून पुण्याला

इंजिन स्टीलच्या डब्यात, भोवती कापूस, आणि मी नांदेड-पनवेल एक्स्प्रेसमध्ये. ही गाडी मुद्दाम निवडली. संध्याकाळी नांदेड सोडते, रात्री लातूर, मग धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी आणि पहाटे पुणे. लातूरपासून कुर्डुवाडीपर्यंत ही त्या छोट्या गाडीची वारसदार लाईन. सप्टेंबर २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद-कुर्डुवाडी ब्रॉडगेज पूर्ण झालं. उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, जुन्या लाईनवर नव्हतंच. त्याला जोडून घ्यायला मार्ग वळवला गेला.

त्या ब्रॉडगेजचं मोल आम्हा लातूरकरांना २०१६ मध्ये कळलं. एप्रिलमध्ये शहराला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा टँकर वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मिरज ते लातूर! कॅलथ्रॉपच्या कंपनीने १९२७ मध्ये जोडलेली तीच दोन टोकं. त्यामुळे छोटी गाडी गेली म्हणून मी उसासे टाकत बसत नाही. ती जायलाच हवी होती. प्रश्न एवढाच, की ती कशी होती हे सांगणारं काय उरलं?

काकांच्या डायनिंग टेबलवर नऊ मिलिमीटर गेजचे रूळ मांडले. काकूंनी फुलदाणी उचलली. मी कंट्रोलरचं बटण फिरवलं आणि इंजिन निघालं. हळू, पण न अडता. पूर्ण फेरी. दुसरी. तिसरी. काका काही बोलले नाहीत. नुसतं खाली वाकून चाकांच्या उंचीवरून बघत राहिले.

मग म्हणाले, “दे इकडे.” कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. हात थरथरत होता, त्याबरोबर बटण थरथरत होतं आणि इंजिन गचके खात, थांबत, पळत चाललं होतं. मला काय बोलावं सुचेना. काका मात्र खदखदून हसायला लागले.

“अगं बघ! आमची बार्शी लाईट अश्शीच चालायची!”

आता पुढे काय?

एक हिशोब मला सुटत नाही. मॅनिफोल्ड लाईन होती जेमतेम १३ किलोमीटरची. १९०४ ते १९३४, अवघी तीस वर्षं. दोन्ही इंजिनं भंगारात गेली, रूळ उखडले. पण तिच्या वाटेवर आज लोक चालायला जातात, तिच्यावर पुस्तकं आहेत आणि तिच्या इंजिनाचं किट एका लातूरकराला परदेशातल्या दुकानात मिळू शकतं. आपली लाईन ३२५ किलोमीटरची, शंभर वर्षांहून जास्त चाललेली. तिच्यावर आपल्या आजी-आजोबांची लग्नं, वाऱ्या आणि बाजारहाट झाले. तिचं किट? कुणीतरी बनवेपर्यंत नाही!

तर बनवायचं. काका आणि मी सध्या तेच करतोय. आठ मोठी, चार छोटी चाकं असलेलं पहिलं बार्शी इंजिन कॉम्प्युटरवर काढायचं. जुन्या फोटोंवरून मापं काढतात काका, रेघा मारतो मी. पत्रा कोरायला नेमप्लेटवाला तयार आहे. दर रविवारी रात्री फोन. परवा चिमणीच्या उंचीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. अर्थात, ते जिंकले.

तुम्हालाही करून बघायचंय?

● सुरुवात सेकंडहॅण्डने केली तरी चालेल. घेण्याआधी एवढंच बघा : चासी सरळ आहे का, पत्र्याचे भाग पूर्ण आहेत का आणि माहितीपत्रक सोबत आहे का. वाकडा डाख सुधारता येतो, हरवलेलं माहितीपत्रक नाही.

● २५ वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न छोट्या भागांना पुरते. मोठ्या पत्र्याला जास्त वॅटची लागते, कारण पितळ उष्णता लगेच पसरवतं.

● कानस, चिमटा, बारीक करवत सराफ्यातल्या अवजारांच्या दुकानात मिळते. फ्लक्स, डाख आणि तांब्याची वेणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात.

● खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका, उठल्यावर हात साबणाने धुवा. टेबलाजवळ खाणं-पिणं बंद.

● घडी घालताना कोरलेली रेघ आतल्या बाजूला ठेवा. आणि घडी एकदाच घाला. उघड-मीट केली की पत्रा तुटतो.

● आधी बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ पासून लोकांसाठी खुलं. जाताना घरातल्या एखाद्या आजोबांना सोबत न्या. निम्मी माहिती तेच सांगतील.